जीपचे रांगडेपण आणि नवा जमाना
(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय मला आमच्या घरानेच दिला आहे. वाळपईच्या आमच्या घराच्या पडवीला लागून एक जुनी जीप उभी आहे. माझ्या थोरल्या बंधूंनी ती १९७४ साली लष्करी लिलावातून आलेल्या गाड्यांतून विकत घेतली. बंधू आता नाहीत. गाडी आहे, पण ती वर्षातून चार वेळा देखील चालत नाही. गेल्या चतुर्थीला पुतण्या पणजीहून घरी आला, तेव्हा त्याने विषय काढला. "काका, एक तर हिला नवे इंजिन, नवे स्टिअरिंग, वातानुकूलन, सगळे बसवून घेऊ या, नाही तर ही देऊन टाकू आणि नवी थार घेऊ." मी म्हणालो, "मग ती जीप राहील काय?" तो हसला आणि म्हणाला, "जीप म्हणजे नेमके काय, ते तुम्ही सांगा."

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ते शोधण्याचा जो प्रयत्न मी पुढे केला, तोच आज आपल्यापुढे मांडीत आहे.

जीप ही आज आपल्याला जुन्या काळची खूण वाटते. परंतु तिचा जन्म झाला तेव्हा तिच्याइतके नवे वाहन जगात दुसरे नव्हते. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने शंभरावर कारखान्यांकडे एका हलक्या, चारही चाकांना जोर पोहोचणाऱ्या गाडीची मागणी केली. मुदत इतकी थोडी होती की बहुतेकांनी तिकडे पाठच फिरविली. बँटम नावाच्या एका लहान, डबघाईस आलेल्या कारखान्याने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या हातून आराखडा करवून घेतला आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरला पहिला नमुना सैन्याच्या दारात उभा केला. पुढे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांनी ही गाडी घडविली, आणि युद्ध संपेपर्यंत तिची संख्या सहा लाखांवर गेली. तिचे पत्रे सपाट होते, कारण सपाट पत्रा लवकर घडतो. तिची समोरची काच बॉनेटवर आडवी पडे. दरवाजे नव्हते, कारण त्यांची गरज नव्हती. ज्याला आपण तिचे रूप म्हणून नावाजतो, ते कोणी सौंदर्यदृष्टीने रेखाटलेले नाही. गरजेने ते कोरून काढले आहे.

आपल्या देशात ती मुंबईच्या महिंद्र कंपनीने आणली. १९४५ साली महिंद्र अँड मोहंमद या नावाने स्थापन झालेल्या या कंपनीचे भागीदार गुलाम मोहंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. स्वातंत्र्याच्या त्या पहिल्या वर्षांतच सुटे भाग आणून विलीज जीप जुळविण्याचे काम मुंबईत सुरू झाले. भारताच्या खेड्यापाड्यांतून, वनखात्याच्या वाटांवरून आणि निवडणुकीच्या धुळीतून जी जीप फिरली, तिचे बॉनेट उंच होते. ही उंची कोठून आली? १९५३ साली विलीजने जीपला नवे, अधिक जोराचे इंजिन दिले. ते जुन्यापेक्षा उंच होते, म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. युद्धातील जीप पाहिलेल्या कित्येकांना हा बदल विद्रूप वाटला. आपण मात्र त्याच चेहऱ्याला अस्सल म्हणत आलो. पुढे पेट्रोल महाग झाले, तशी तिच्यात डिझेल इंजिने आली. म्हणजे माझ्या पडवीत उभी असलेली अस्सल जीप हीदेखील मुळात सुधारलेली जीप आहे. पुतण्यावर रागावण्यापूर्वी एवढे मला कबूल केले पाहिजे.

आता आमच्या सत्तरीकडे वळू. वाळपई हे गोव्यातील अतिपावसाच्या गावांपैकी एक. मृग लागला की म्हादई आणि तिला मिळणारे लहानमोठे ओहोळ तांबडे होऊन धावू लागतात. आज पूल झाले, डांबर आले. पण मी ज्या काळाची गोष्ट सांगतो, त्या काळी पलीकडच्या गावी जायचे म्हणजे पाणी उतरेपर्यंत काठावर बसून राहावे लागे. अशा मुलखात जीप ही चैन नव्हती. काजूच्या हंगामात बिया तीच आणी, भट्टीसाठी बोंडू तीच वाही, कुळागरातली सुपारी तीच बाजारात नेई, आणि अडल्या बाईला रात्री दवाखान्यात पोहोचवायचे झाले तरी हाक तिलाच पडे. छोटा दांडा खाली ओढला, चारही चाके जोराला लागली आणि इंजिन गुरगुरत चढाला भिडले, की मागे बसलेल्या माणसांचे जीव भांड्यात पडत. कुळ्याहून दूधसागरकडे प्रवाशांना नेणाऱ्या जीपगाड्या ओहोळ पार करताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या वर्णनात अतिशयोक्ती वाटणार नाही.

आणि ती बिघडली तर? बिघडे, वारंवार बिघडे. पण तिचा बिघाड माणसाला समजत असे. आमच्या बंधूंजवळ चार पाने, एक पक्कड, थोडी तार आणि साबणाची वडी एवढेच सामान असे. टाकीला बारीक चीर गेली तर साबण दाबून ती तेवढ्यापुरती बुजवीत आणि गाडी घरी आणीत. यंत्र आणि माणूस यांच्यात पडदा नव्हता. मला वाटते, जीपच्या रांगडेपणाचे खरे मर्म येथे आहे. ती दणकट होती, एवढ्यानेच काही ती रांगडी ठरत नाही. तिचा मालक तिला ओळखीत होता, ही त्याहून मोठी गोष्ट आहे.

आता नव्याची बाजू ऐका. महिंद्रांनी २०१० साली थार या नावाने गाडी काढली, ती जुन्या जीपचीच लेक होती. कापडी छप्पर, आडवे बाक, मागे स्प्रिंगचे पाटे, असा तिचा थाट होता. २ ऑक्टोबर २०२० रोजी तिची संपूर्ण नवी आवृत्ती आली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून धुराचे कडक नियम लागू झाले होते आणि सुरक्षिततेचे नियमही वाढले होते. जुन्या गाडीला तसेच पुढे चालू ठेवणे शक्यच नव्हते. नव्या थारच्या डिझेल इंजिनाचा जोर १३० अश्वशक्ती आहे. युद्धातील जीपचा ६० होता. तिला हवेच्या पिशव्या आहेत, घसरण रोखणारे ब्रेक आहेत, हवे तर गिअर आपोआप बदलतात. तरीही शिडीसारखी पोलादी चौकट, मागचा सलग आंस आणि चार चाकांचा वेगळा दांडा या जुन्या गोष्टी तिने सोडल्या नाहीत. साडेसहाशे मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडे अधिक पाणी ती पार करते. २०२० च्या नोव्हेंबरात ग्लोबल एनकॅप या संस्थेने तिची टक्कर-परीक्षा घेतली, तेव्हा मोठ्यांच्या आणि मुलांच्या अशा दोन्ही संरक्षणांत तिला पाचांपैकी चार तारे मिळाले. आरंभी तिचा आडव्या बाकांचा एक प्रकारही होता. तो लवकरच मागे घेण्यात आला. या आडव्या बाकाविषयी मला पुढे बोलावयाचे आहे.

इंग्लंडातील लँड रोव्हरने दुसरी वाट धरली. युद्धातील जीप पाहूनच १९४८ साली जन्मलेली ती गाडी, पुढे डिफेंडर या नावाने, २९ जानेवारी २०१६ पर्यंत सॉलिहलच्या कारखान्यात निघत राहिली. नंतर आलेल्या नव्या डिफेंडरने वेगळी चौकटच टाकून दिली आणि अॅल्युमिनियमचा एकसंध सांगाडा स्वीकारला. जुने भक्त हळहळले. ही कंपनी २००८ पासून आपल्या टाटांच्या मालकीची आहे, तेव्हा हा वादही अर्धा आपल्या घरचाच म्हणावयाचा. नवी गाडी चिखलात जुनीहून कमी पडते असे जाणकार म्हणत नाहीत. परंतु तिचा बिघाड रस्त्याकडेला बसून चार पान्यांनी काढता येत नाही. तिला संगणक जोडावा लागतो, आणि संगणक जोडणारा माणूस शहरात असतो. थारचेही थोड्याफार फरकाने तेच आहे. ज्याच्या गावापासून शहर दूर, त्याला हा तोटा किरकोळ नाही.

येथपर्यंत माझा कल जुन्याकडे आहे, हे आपल्या ध्यानात आले असेल. परंतु माझ्या घरात एक साक्षीदार आहे, आणि तिची साक्ष टाळून मला पुढे जाता येत नाही.

१९८६ च्या जूनमधील गोष्ट. एका लग्नाहून आम्ही परत येत होतो. बंधू गाडी चालवीत होते, मी त्यांच्या शेजारी होतो आणि वहिनी मागच्या आडव्या बाकावर. ओहोळ पार केला. पाण्यातून निघालेल्या जुन्या ब्रेकचा जोर काही वेळ जातो. ओले ड्रम पकड घेत नाहीत. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबीत काही अंतर चालवून ते सुकवावे लागतात. बंधूंना हे पुरते ठाऊक होते. पण पाऊस वाढत होता आणि घर जवळ होते. पुढच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला, तो लागला नाही. त्यांनी गाडी दरडीवर घातली म्हणून आम्ही खाली गेलो नाही. आम्ही दोघे स्टिअरिंगला आणि दांड्याला धरून वाचलो. वहिनींना धरावयास काहीच नव्हते. त्या बाकावरून फेकल्या गेल्या आणि त्यांचा उजवा हात कोपरापाशी मोडला. तो पुढे कधीच सरळ झाला नाही. जीपला मात्र पोचाही धड आला नाही. बंधू पुढे पुष्कळ वर्षे लोकांना सांगत, "पाहा, कशी दणकट गाडी!" वहिनी तेथेच बसलेल्या असत, आणि मीही मान डोलावीत असे.

आज मला त्या मान डोलावण्याची लाज वाटते. पत्र्याला पोचा आला नाही, कारण तो सगळा धक्का माणसाने सोसला. आताच्या गाड्यांचे पुढचे अंग टकरीत चुरगळते, ते चुरगळावे म्हणूनच केलेले असते. धक्का पत्रा गिळतो आणि माणूस वाचतो. ज्याला आम्ही गाडीचा कणखरपणा समजत होतो, त्यातला काही भाग केवळ माणसाविषयीची बेफिकिरी होती. रांगडेपण आणि बेफिकिरी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे समजायला मला चाळीस वर्षे लागली.

दुसऱ्या टोकालाही एक बेफिकिरी आहे. आजकाल रांगडेपण भाड्याने मिळते. मोरजी-हणजूणच्या किनाऱ्यावर पर्यटकांनी गाड्या घातल्या आणि त्या वाळूत रुतल्या, अशा बातम्या आपण वारंवार वाचतो. किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहे, हे गाडीच्या जाहिरातीत दिसत नाही. उद्या हीच हौस आमच्या म्हादई अभयारण्यातील ओहोळांत उतरली, तर तेथील मासोळीने आणि झऱ्याने काय करावे? आम्ही पाण्यातून गेलो ते पूल नव्हता म्हणून. पूल असताना पाण्यातून जाणे हे शौर्य नव्हे.

मग पुतण्याला मी काय उत्तर दिले? मी त्याला म्हणालो, की जुनी गाडी ठेवावयाची असेल तर दोन याद्या करू. माणसाचा जीव ज्याच्यावर अवलंबून आहे, ते सर्व बदलण्याच्या यादीत. या जीपच्या चारही चाकांचे ब्रेक तेलाच्या एकाच वाटेवर चालतात. एका ठिकाणी गळती झाली की चारही गेले. हे जुनेपण जपण्याचे काही कारण नाही. पट्टे नाहीत, ते हवेत. मागचा आडवा बाक काढावा. दुसऱ्या यादीत ज्याच्यामुळे गाडी माणसाला समजते ते सारे: साधे इंजिन, पाटे, दोन दांडे, उघडता मिटता येणारी काच. तेथे हात लावू नये. मोठे इंजिन घालून चौकट आणि ब्रेक जुनेच ठेवणे हे तर सर्वांत वाईट. त्याने गाडी नवी होत नाही, केवळ अधिक वेगाने धोकादायक होते. शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि २०१९ च्या जानेवारीतील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांमुळे कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जे करावयाचे ते परिवहन खात्याला विचारून, त्याच्या संमतीने.

आणि रोजच्या वापरासाठी, मुलाबाळांना घेऊन चोर्ल्याचा घाट चढण्यासाठी गाडी हवी असेल, तर ती नवीच घ्यावी. त्यात जुनीचा अपमान नाही.

पुतण्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "आईला विचारू." वहिनी पंचाहत्तरीच्या आहेत. त्या पडवीत सुपारी निवडीत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितले, "गाडी विकू नका, त्यांची आठवण आहे. पण मला बसवायची असेल तर पुढे बसवा, आणि धरायला काहीतरी द्या."

श्रोतेहो, माझ्या दोन याद्यांचे सारे सार या एका वाक्यात आले. ब्रेकचे आणि पट्ट्यांचे काम आता हाती घेतले आहे. संमतीचे कागदही दिले आहेत. ते पार पडले, की येत्या काजूच्या हंगामात पहिल्या फेरीला वहिनी पुढच्या आसनावर बसतील, असे ठरले आहे.