कार्ड खिशात असतानाही

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते आपल्या सोसायटीचे सभासद व निवृत्त बँक अधिकारी आहेत.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत, आणि त्यानंतर मिसळ आहे हेही मुद्दाम कानावर घातलंय. तेव्हा प्रस्तावना न करता विषयाला हात घालतो. विषय आहे क्रेडिट कार्ड आणि त्याची चोरी.

आपण एमआयडीसीतली माणसं. एकदा पॅटर्न हाती आला की त्यावरून कास्टिंग कितीही काढता येतात, हे इथं शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. कार्डाचंही तसंच असतं. कार्डाच्या मागं जी काळी पट्टी आहे, तिच्यावरची माहिती कोऱ्या कार्डावर उतरवली की दुसरं कार्ड तयार. तुमचं कार्ड तुमच्या खिशात, आणि त्याचं कास्टिंग दुसऱ्याच्या हातात!

हे कुठं लांब घडलेलं नाही. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याची कॉसमॉस बँक, १९०६ साली स्थापन झालेली, आपल्या राज्यातली जुनी आणि मोठी सहकारी बँक. त्या दिवशी काही तासांत तिच्या ग्राहकांच्या बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. भारतातही निघाले, आणि त्यात आपलं कोल्हापूर होतं. मग १३ तारखेला हाँगकाँगच्या एका खात्यात जवळपास १४ कोटी वळवले गेले. सगळं मिळून ९४ कोटींच्या वर रक्कम गेली.

हे झालं कसं? एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेला विचारतं, "या खात्यात पैसे आहेत का, देऊ का?" चोरांनी बँकेच्या संगणकात शिरून हा प्रश्न मधेच अडवला आणि त्याला परस्पर "द्या" असं उत्तर देणारी खोटी यंत्रणा बसवली. खात्यात शिल्लक किती, हे कुणी बघितलंच नाही. म्हणून फटका बँकेला बसला.

पण मला आज दुसऱ्याच गोष्टीवर बोट ठेवायचंय. संगणकात शिरणारा कुठल्या देशात बसला होता कुणास ठाऊक, पण एटीएमपुढं उभं राहून नोटा पिशवीत भरणारी माणसं इथलीच होती. कार्ड घ्यायचं, पैसे काढून द्यायचे, कमिशन घ्यायचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना शिक्षा सुनावली. आता त्या धंद्याचं रूप बदललंय. हल्ली खातंच भाड्यानं मागतात. "भावा, तुझं खातं पडूनच आहे, दोन महिने दे, पाच हजार देतो." चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस येतात ते ज्याच्या नावाचं खातं आहे त्याच्या दारात. आपल्याकडं फौंड्रीत नव्यानं लागलेली, कॉलेजात जाणारी पोरं आहेत. त्यांच्यापुढं हा विषय आजच्या आज काढा. रागावून नको, जेवताना काढा.

आता तुमच्या-माझ्या कार्डाकडं येऊ. कॉसमॉसनंतर पट्टीची कार्डं जाऊन चिपची आली. चिपची नक्कल पट्टीइतकी सोपी नाही. मग चोरानं काय केलं? कार्डाचा नाद सोडला आणि कार्डवाल्याला धरलं.

फोन येतो. बोलणारा अदबीचा. "सर, तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपतायत" किंवा "वहिनी, तुमच्या कार्डाचं लिमिट वाढलंय." आणि मग तो एक गोष्ट करतो, ज्याला भले भले फसतात. तो तुमच्या कार्डाचे पहिले सहा आकडे वाचून दाखवतो. आपल्याला वाटतं, हा बँकेचाच! अहो, ते आकडे तुमचे नसतातच. कार्डावरचे सुरुवातीचे आकडे बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात. चारनं सुरू झालं तर व्हिसा, साधारण असं. एकाच बँकेच्या हजारो कार्डांवर ते सारखेच येतात. एमएच ०९ वाचून "ही गाडी कोल्हापूरची" म्हणण्यासारखंच आहे ते. त्यात कसली आलीय ओळख?

पुढं तो ओटीपी मागतो. आणि मागताना म्हणतो, "व्यवहार रद्द करण्यासाठी ओटीपी सांगा." लक्षात ठेवा, ओटीपी म्हणजे तुमची सही. कार्डावर जाऊ घातलेला पैसा अडवायला ओटीपी लागत नाही, तो जाऊ द्यायला लागतो. आणि तो मेसेज पूर्ण वाचा. त्यात रक्कम असते, बहुतेक वेळा दुकानाचं नावही असतं. आपण नुसते आकडे वाचतो आणि बाकीचं सोडून देतो.

दुसरा प्रकार व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. गाडीचं चलान, लग्नाची पत्रिका, वीज तोडण्याची नोटीस, अशा नावाची एक फाइल. शेवटी एपीके असं लिहिलेलं असतं. ती उघडून बसवली की तुमच्या फोनवर येणारे मेसेज तिकडं दिसू लागतात. मग ओटीपी मागायचीही गरज उरत नाही. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते. एपीकेमध्ये पत्रिका पाठवणारे पाहुणे आपले नव्हेत.

अजून एक बारीक भोक आहे, आणि ते फारसं कुणाला माहीत नाही. भारतातल्या दुकानाच्या साइटवर खरेदी करताना ओटीपी येतो. परदेशातल्या बऱ्याच साइट ओटीपी मागतच नाहीत. कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे मिळाले की काम झालं. म्हणून कार्डाचा फोटो कुणाला पाठवायचा नाही, अगदी ट्रिपचं बुकिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसालाही नाही. त्याचा फोन हरवला म्हणजे? आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहाराचं बटण असतं, ते बंद ठेवा. रिझर्व्ह बँकेनं २०२० पासून बँकांना ही चालू-बंदची आणि मर्यादा ठरवायची सोय द्यायला लावलीय. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी जाताना चालू करावं, आल्यावर बंद करावं. नुसतं टेकवून पैसे जातात ती सोयही तिथंच बंद होते. पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही तिला, म्हणून पाकीट हरवलं की पहिली आठवण तिची यावी. सांगली फाट्यावर पेट्रोल भरताना कार्ड पोराच्या हातात देऊन गाडीत बसून राहू नका. मशीन आपल्याजवळ येतं.

आणि एवढं करूनही झालंच तर?

पहिलं, कार्ड ब्लॉक. अ‍ॅपवरून होतं, नाहीतर कार्डाच्या मागच्या नंबरवरून. गुगलवर बँकेचा नंबर शोधू नका, तिथंही चोरांनी आपले नंबर पेरलेत. मग लगेच १९३० ला फोन. हा सरकारचा सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतो. तो जिथं सापडेल तिथं गोठवायचा प्रयत्न होतो. म्हणून तासाला किंमत आहे. "उद्या सोमवारी ब्रँचमध्ये जाऊन बघू" हे चालत नाही.

त्यानंतर बँकेला लेखी कळवा आणि तक्रार नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, सहकारी बँकांसाठी तेच डिसेंबरात आलं. दोष तुमचाही नाही आणि बँकेचाही नाही, माहिती तिसरीकडूनच फुटली, असं असेल तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं की तुमच्यावर एक रुपयाही पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं, तर पाच लाखांपर्यंत लिमिट असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त दहा हजार. त्यानंतर बँकेचं धोरण म्हणेल ते. चूक तुमची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. काउंटरवर कुणी "आमच्या हातात काही नाही" म्हणालं तर हे परिपत्रक दाखवा. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे तिथंही लवकर कळवण्यातच फायदा आहे.

आणि आता जे अवघड आहे ते. नोकरीत असताना मी पाहिलंय, माणसं वेळेत येत नाहीत ती नियम माहीत नाहीत म्हणून नव्हे. लाजेनं येत नाहीत. निवृत्त गृहस्थ मुलाला सांगत नाहीत, कारण मुलगा म्हणेल "बाबा, शंभरदा सांगितलं होतं." वहिनी घरात सांगत नाहीत. तीन दिवस असेच निघून जातात, आणि त्यातच हक्क जातो. तेव्हा तरुण मंडळींना माझी विनंती आहे. आई-वडिलांनी असं काही सांगितलं तर पहिलं वाक्य "किती वाजता झालं?" हे असू द्या. ओरडायचं ते १९३० ला फोन झाल्यावर ओरडा.

न मागता आलेल्या कार्डाबद्दल सांगतो आणि थांबतो. असं कार्ड देणं नियमात बसत नाही. फोडून वापरू नका, ओटीपी देऊन सुरू करू नका. त्यावर काही रक्कम लावली असेल तर ती परत घेऊन तिच्या दुप्पट दंड बँकेनं तुम्हाला द्यायचा, असा २०२२ चा नियम आहे.

मिसळीचा वास आला म्हणजे माझी वेळ संपली. परदेशी व्यवहाराचं बटण कुठं असतं हे ज्यांना बघायचंय त्यांनी खाऊन झाल्यावर आपला फोन घेऊन माझ्या टेबलाजवळ यावं. मी कुणाच्या फोनला हात लावणार नाही, पिन टाकताना तोंड फिरवून बसेन. बटण तुमचं तुम्हीच दाबायचं.