श्रमिकसंघ आणि कायद्याचें ज्ञान

पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, आहुपे हें गांव वसलें आहे. भात काढून झाला कीं, हिरड्याचा हंगाम येईपर्यंत तेथील शेतांत फारसें काम उरत नाहीं. मग या बाजूच्या अनेक महादेव कोळी कुटुंबांस नारायणगांवची वाट धरावी लागते. तेथें सकाळीं मजुरांचा बाजार भरतो व दिवसाचा दर उभ्याउभ्याच ठरतो.

असा मजूर एखाद्या संघटनेचा सभासद असला, तरी तेवढ्यानेंच त्याचें रक्षण होतें काय? त्यानें वर्गणी भरली, मोर्चांत तो चालला. परंतु कायद्यानें आपणांस काय दिलें आहे हें त्यास ठाऊक नसेल, तर पुढारी जवळ नसतांना तो एकाकीच राहतो.

रोजगार हमीचेंच उदाहरण घ्या. महाराष्ट्रानें १९७७ सालीं तिचा कायदा केला आणि २००५ सालीं संसदेनें देशासाठीं तसा कायदा संमत केला. त्या कायद्यानें ग्रामीण कुटुंबास वर्षाकाठीं १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. मागणीपासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारीभत्ता ठेवला; पहिल्या ३० दिवसांसाठीं तो मजुरीच्या निदान चतुर्थांश व पुढें निदान निम्मा होता. काम ५ किलोमीटरांच्या पलीकडे असल्यास १० टक्के अधिक मजुरी होती. कामावर सहा वर्षांखालील पांच मुलें आलीं, तर त्यांस सांभाळण्यास एक बाई नेमावयाची होती.

आतां दोन मजुरांची कल्पना करा. एकानें तोंडीच काम मागितलें. “पाहूं,” असें उत्तर मिळालें व तो परतला. दुसऱ्यानें लेखी अर्ज दिला आणि तारखेची पोच घेतल्यावांचून तो हलला नाहीं. काम दोघांसही मिळालें नाहीं. परंतु पंधरा दिवसांनीं भत्ता मागण्यास आधार दुसऱ्यापाशींच होता. पहिल्यानें काम मागितलें होतें, यास पुरावाच नव्हता. त्यास मुलांची शाळा सोडवून बिऱ्हाडासह घर सोडावें लागलें, तर ती हानि अज्ञानाचीच होय.

शिवाय, एकदां शिकलेला कायदा जन्मभर पुरत नाहीं. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें या कायद्याच्या जागीं नवा कायदा संमत केला. त्यांत १२५ दिवसांची हमी आहे. परंतु शेतीच्या ऐन हंगामांत वर्षाकाठीं ६० दिवसांपर्यंत कामें बंद ठेवण्याची तरतूदही आहे. ते दिवस कोणते, हें ज्या संघटनेस अगोदर कळेल, तीच आपल्या सभासदांस वेळेवर अर्ज करावयास लावील. तसेंच २०१९ ची वेतनसंहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. किमान वेतनाचा नियम तींत आहे, आणि सारख्याच कामास स्त्रीपुरुषांस सारखें वेतन, हाही आहे. नारायणगांवच्या बाजारांत उभ्या राहणाऱ्या बाईस एवढें ठाऊक असणें अगत्याचें आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांनीं हा मार्ग फार पूर्वींच दाखविला. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें त्यांनीं सभा भरविली आणि रविवारची सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत पगार अशा मागण्या कागदावर मांडल्या. त्यांतील रविवारची सुट्टी १८९० सालीं मिळाली. आपणांस नेमकें काय हवें, हें त्यांस सांगतां येत होतें.

यास्तव प्रत्येक संघटनेनें आठवड्यांतून एक सायंकाळ या शिक्षणास द्यावी. गांवांतील शिकलेल्या मुलानें वा मुलीनें चावडीवर किंवा देवळांत कायद्याचें एकेक कलम सोप्या भाषेंत वाचावें, आणि प्रत्येकाकडून अर्ज लिहून घ्यावा. ज्यांस लिहितां येत नाहीं, त्यांनींही तीन गोष्टी पाठ कराव्या: अर्जाचा दिवस, पोच आणि मुदत. आहुप्याच्या मजुरास घर सोडण्यापूर्वीं निदान इतकें तरी ठाऊक असावें, हें पाहणें त्याच्या संघटनेचें पहिलें कर्तव्य आहे.