मानमोडीच्या सालातला एक माणूस



शिरूर तालुक्यातल्या आमच्या घरी म्हाळाच्या दिवशी एक घास जास्तीचा ठेवतात. तो माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचा. त्याचा फोटो कुणी काढला नाही. मोठ्या दुष्काळातला जन्म, लग्न ठरलेलं, आणि दसरा होऊन दिवाळी यायच्या आत मानमोडीनं गेला, एवढंच आत्या सांगायची. तेवढ्यावरून मी त्याला शोधायला निघालो.

जमिनीच्या कागदांत तो नाही. एकत्र कुटुंबाची जमीन कर्त्याच्या नावावर लागायची. जुन्या उताऱ्यांवर नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असं दिसतं ते त्यामुळेच. धाकटे भाऊ नावानिशी येतात ते वाटणीच्या नाहीतर वारसाच्या फेरफारात. वाटणीआधीच बिनलग्नाचा गेलेला तरुण त्या शेतात कितीही राबला असला, तरी उताऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

तो सापडला गाव नमुना नंबर 14 मध्ये. जन्म-मृत्यूचं हे रजिस्टर, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, आणि त्या काळातलं बहुतेक मोडी लिपीत आहे. जन्माच्या नोंदीत त्याचं नाव नाही, कारण बारसं व्हायचं होतं. बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख 1 जून. मास्तरांनी शाळेत घालताना अंदाजानं लिहिलेली ही तारीख महाराष्ट्रात असंख्य आजोबांची आहे. मृत्यूच्या नोंदीत वय 20, तेही गोळाबेरीज. आत्याचा दुष्काळ मात्र पक्का निघाला. 1899-1900 चा तो दुष्काळ धरला, तर त्याला आयुष्य मिळालं अठरा-एकोणीस वर्षांचं.

मरणाचं कारण: ताप. बस्स, एवढंच.

ही एक ओळ वाचून रजिस्टर मिटलं असतं, तर काहीच कळलं नसतं. म्हणून सांगतो, आपल्या माणसाच्या ओळीवर थांबू नका, अख्खं पान वाचा. 1918 च्या ऑक्टोबरचं ते पान ‘ताप, ताप, ताप’ असं खालपर्यंत भरलेलं आहे. इन्फ्लुएंझासाठी वेगळा रकानाच नव्हता, त्यामुळे त्या साथीतले बहुतेक मृत्यू सरकारदरबारी तापातच जमा झाले. लोकांनी मात्र तिला नाव दिलं होतं, मानमोडी. ही साथ आगगाडीच्या वाटेनं देशभर पसरली, आणि आमच्या शेजारच्या दौंडला तर सोलापूरची आणि मनमाडची वाट फुटते. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या घटली असं खानेसुमारीतलं दशक एकच, 1911 ते 1921. एरवी साथीत लहान मुलं आणि म्हातारी आधी जातात. हिनं ऐन उमेदीतली, कर्ती माणसं जास्त नेली. आमच्या घरातला हा मुलगा त्यांतलाच. एका घरातली दोन-दोन नावं त्या पानावर एकाखाली एक आहेत, आणि ती वाचताना मला त्याच्याइतकंच त्या अनोळखी माणसांचंही वाईट वाटलं.

तुमच्याही घरात असं कुणी असणारच. दौंडकडच्या श्रोत्यांनी जुन्या कागदांत भीमथडी तालुका शोधावा आणि शिरूर गावासाठी घोडनदी हे नावही बघावं. तिथी ठाऊक असेल तर जुन्या पंचांगावरून तारीख काढता येते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की नक्कल मिळते, आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 पासून अनेक जिल्ह्यांनी जुनी रजिस्टरं स्कॅनही केली आहेत. मोडी येत नसेल तर जाणकाराला सोबत न्या, किंवा सरळ शिकून घ्या. आणि फार दिवस लावू नका. तो कागद ठिसूळ झाला आहे, आणि तिथी सांगणारी माणसंही आता थकली आहेत.