लेख, माप आणि ठेव : मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचा व्यवहारधर्म



आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानाचा विषय धर्मस्थानात काहीसा अपरिचित वाटण्याचा संभव आहे. संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या अवाढव्य कंपन्यांनी सचोटीने वागावे की नाही, याच्याशी श्रावकाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. गोराई-बोरिवलीच्या घराघरांतील तरुण मुले-मुली रोज सकाळी लोकल धरून मालाड, गोरेगाव, अंधेरीच्या संगणक कंपन्यांत नोकरीला जातात. अनेक कुटुंबांची बचत या कंपन्यांच्या भागांत गुंतलेली असते. दुकानाचा हिशोब, गिऱ्हाइकाने चुकते केलेले पैसे आणि घरातील खासगी बोलणे हे सारे आज त्यांच्याच यंत्रांतून जाते.

शिवाय हा उद्योग आपल्या अंगणातच वाढला आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना १९६८ मध्ये मुंबईत झाली. अंधेरीचे सीप्झ १९७३ मध्ये उभे राहिले. इन्फोसिसचा आरंभ १९८१ मध्ये पुण्यात झाला आणि तिचे संस्थापक त्यापूर्वी नरेंद्र पटनी यांच्या कंपनीत नोकरीस होते. ज्या उद्योगाने मध्यमवर्गाला सुस्थिती दिली, त्याच्याविषयी कृतज्ञता अवश्य असावी. परंतु कृतज्ञता म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे.

या कंपन्यांचे वर्तन कोणत्या पट्टीने मोजावे? नवी पट्टी शोधण्याचे कारण नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांतील तीन नावे व्यापाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावीत अशी आहेत. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख तयार करणे. हीनाधिकमानोन्मान म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे माप वापरणे. न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव बुडवणे. लेख, माप आणि ठेव या तिन्ही ठिकाणी आजच्या कंपन्यांची परीक्षा होते.

प्रथम लेखाचा विचार करू. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला पत्र लिहून वर्षानुवर्षे हिशोब फुगवल्याचे मान्य केले. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख आणि बँकशिल्लक मिळून ५,३६१ कोटी रुपये दाखवले होते. त्यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते! त्या तिमाहीचा नफा ६४९ कोटी दाखवला होता. प्रत्यक्षात तो ६१ कोटी होता. खोटे व्याज, लपवलेले देणे आणि फुगवलेली येणी धरून एकूण आकडा ७,१३६ कोटींवर गेला. पुढील तपासात सात हजारांहून अधिक खोटी बीजके आढळली. ती कंपनीच्या संगणकात अशा रीतीने नोंदवलेली होती की, सर्वसाधारण कर्मचाऱ्याला दिसू नयेत.

पत्र प्रसिद्ध झाले त्याच दिवशी मुंबईच्या शेअर बाजारात या भागाची किंमत तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळली. निवृत्तीची पुंजी त्यात गुंतवणाऱ्या सामान्य भागधारकाने कोणता अपराध केला होता? त्याने छापील ताळेबंदावर विश्वास ठेवला, एवढेच. कंपनीला काही महिन्यांपूर्वीच उत्तम कारभाराबद्दल गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. नावातच सत्य असलेल्या कंपनीची ही कथा व्हावी, यापरते दुर्दैव कोणते!

पेढीवर बसणाऱ्या माणसाला यातील एक गोष्ट सर्वांत अधिक खटकते. संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी रोजमेळ लिहायचा आणि गल्ल्यातील रोकड मोजून शिलकेशी ताडून पाहायची, हा शिरस्ता साध्या गुमास्त्यालाही ठाऊक असतो. दहा रुपयांचा फरक पडला तरी पुन्हा किर्द उलटून पाहावी लागते. बँकेत पैसे आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. बँकेकडून थेट दाखला मागवला की पुरते. हजारो कोटींच्या कंपनीत नेमके हेच साधे काम वर्षानुवर्षे नीट झाले नाही. कंपनीच्या मोठेपणानेच शंका विचारणाऱ्याचे तोंड बंद केले. राजू यांच्या पत्रावरून असे दिसते की, खऱ्या आणि लिहिलेल्या नफ्यातील अंतर आरंभी किरकोळ होते. ते पुढच्या तिमाहीत भरून काढू, असे म्हणता म्हणता ते इतके वाढले की भरून काढणे अशक्य झाले. खोट्या लेखाचा हाच स्वभाव आहे. पहिली खोटी नोंद टिकवण्यासाठी दुसरी करावी लागते.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारने संचालक मंडळ बदलून दीपक पारेख, किरण कर्णिक यांच्यासारख्या जाणत्या व्यक्तींकडे कारभार दिला. एप्रिल २००९ मध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्र कंपनीने सत्यम घेण्याची बोली जिंकली. हिशोब नव्याने तपासून मांडण्यात आले आणि २०१३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. हजारो तरुणांच्या नोकऱ्या वाचल्या. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवले. त्यांत दोन लेखापरीक्षकही होते. या निकालावर पुढे अपिले झाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना ठरावीक मुदतीनंतर लेखापरीक्षक बदलणे बंधनकारक केले. २०१८ मध्ये लेखापरीक्षणावर देखरेख करणारे राष्ट्रीय प्राधिकरणही स्थापन झाले. ठेच लागल्यावर का होईना, वाट दुरुस्त झाली.

आता मापाकडे वळू. कापडाच्या धंद्यात मापाची चोरी करायला खोटी मीटरपट्टी लागत नाही. पट्टी सरकारी शिक्क्याची असली तरी कापड ताणून मोजले की मीटरमागे दोन-तीन बोटे मारता येतात. गिऱ्हाईक घरी जाऊन शिंप्याकडे कापड देते, तेव्हा कापड कमी भरते. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या हाती अशीच एक पट्टी आहे. कोणती वस्तू अगोदर दाखवायची आणि कोणती मागे टाकायची, हे त्यांची यंत्रे ठरवतात. गिऱ्हाइकाला तो क्रम निःपक्षपाती वाटतो. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला, त्याचे कारण हेच होते. शोध घेणाऱ्याला कंपनीची स्वतःची सेवा ठळक जागी दाखवून इतरांना डावलले जाते, असे आयोगाला आढळले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने ॲमेझॉनच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे एक वृत्त दिले. आपल्या भारतीय बाजारपेठेतील विक्रीची माहिती वापरून लोकप्रिय वस्तूंच्या नकला करायच्या आणि शोधात त्या वर आणायच्या, अशी योजना असल्याचे त्यात म्हटले होते. मुंबईच्या किशोर बियाणी यांच्या समूहातील जॉन मिलर या शर्टाची गळ्याची आणि बाहीची मापेसुद्धा अनुसरण्याचे ठरले होते, असा त्यात उल्लेख होता. कंपनीने हे आरोप निराधार म्हणून नाकारले. खरेखोटे ठरवणे तपास यंत्रणांचे काम आहे. परंतु तत्त्वाचा प्रश्न प्रत्येक व्यापाऱ्याला कळतो. बाजाराची जागा ज्याची, तराजू ज्याचा, दुसऱ्यांच्या विक्रीची वही ज्याच्या हाती आणि शेजारी दुकानही त्याचेच, त्याने अधिक संयम पाळायला हवा की कमी?

गिऱ्हाइकाला फसवण्याच्या लहान लहान युक्त्याही आहेत. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे, किंमत शेवटच्या पायरीवर वाढवणे, दोनच नग उरल्याची खोटी घाई लावणे, सभासदत्व घेणे सोपे आणि सोडणे अवघड ठेवणे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली. त्यांपैकी कित्येक युक्त्या बाजारात पूर्वीही होत्या. फरक इतकाच की, पूर्वी एका वेळी एक गिऱ्हाईक फसत असे, आता एका कळीने कोट्यवधी फसू शकतात.

तिसरा आणि सर्वांत सूक्ष्म अतिचार न्यासापहाराचा. परंपरेने त्याचा जो अर्थ सांगितला आहे, तो अवश्य लक्षात घ्यावा. एखाद्याने ठेव ठेवली, काळ गेला, किती ठेवले याचे त्याला विस्मरण झाले आणि त्याने कमी मागितले. त्या वेळी ठेव सांभाळणारा सारे जाणून असूनही “बरोबर, तेवढेच होते” असे म्हणाला, तर तो न्यासापहार. येथे कोणी तिजोरी फोडली नाही, खोटी वहीही लिहिली नाही. समोरच्याच्या विस्मरणाचा लाभ घेतला, एवढाच दोष. आणि तोच दोष मानला आहे.

भ्रमणध्वनीवर रोज किती माहिती आपण सोपवतो, याची कोणाला आठवण असते? कोठे गेलो, काय विकत घेतले, कोणाचे क्रमांक जवळ आहेत हे देणारा विसरतो. घेणारा विसरत नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी पुढे केल्या आणि त्या मान्य केल्या तरच सेवा मिळेल, अशी भूमिका घेतली. संदेशातील मजकूर कंपनी वाचू शकत नाही हे खरे. प्रश्न वापराविषयीची इतर माहिती त्याच समूहातील दुसऱ्या कंपन्यांना देण्याचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने मूळ कंपनी मेटा हिला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. वर्षभराने अपिलीय न्यायाधिकरणाने काही निर्देश बदलले, परंतु दंड कायम ठेवला. मेटाचे २०२४ चे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते. त्या हिशोबाने हा दंड म्हणजे तिची दीड तासाचीही कमाई नव्हे. ज्याला दंड हा खर्चाच्या खात्यातील एक बाब वाटू लागतो, त्याला कायदा एकटा सुधारू शकत नाही.

तरीही कायद्याने योग्य दिशा धरली आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्याने माहिती घेणाऱ्या संस्थेला ‘डेटा फिड्युशिअरी’ हे नाव दिले आहे. फिड्युशिअरी म्हणजे दुसऱ्याची गोष्ट विश्वासाने सांभाळणारा. आपल्या भाषेत त्याला विश्वस्त म्हणतात. माहिती ही मालकाची नव्हे, ठेवणाऱ्याची ठेव आहे, हे कायद्याने मान्य केले.

कोणी म्हणेल, “अटी सर्वांना दाखवल्या होत्या; गिऱ्हाइकाने होकार दिला; मग कंपनीचा दोष काय?” युक्तिवाद कायद्याच्या कचेरीत कदाचित चालेल. पण ज्या अटी वाचायला तासभर लागतो आणि नाकारल्यास सेवाच बंद होते, तेथील होकार हा खरा होकार नव्हे. समोरच्याला माहीत नाही हे ओळखून त्याच्या अज्ञानातून मिळवलेला पैसा हा कमाईत धरू नये, एवढा एकच नियम मोठ्या कंपन्यांनी पाळला तरी लेख, माप आणि ठेव तिन्ही शुद्ध होतील.

हा नियम परक्या कंपन्यांसाठी जितका लागू, तितकाच घरच्यांसाठी आहे. दुकानात बीजक करताना गिऱ्हाइकाचा भ्रमणध्वनी क्रमांक घेतला जातो. तो पुढे कोणाच्या हाती जातो? न्यासाकडे सभासदांच्या याद्या, देणगीदारांचे पत्ते, पाठशाळेतील मुलांची नावे असतात. त्या एखाद्या विमा प्रतिनिधीला किंवा शिकवणी वर्गाला सहज म्हणून देणे, हाही ठेवीचा दुरुपयोगच. पन्नास वर्षे समाजाने या संस्थेवर विश्वास ठेवला, तो तिच्या वह्या कोणालाही उघडून पाहता येतात म्हणून. तीच शिस्त आता संगणकातील याद्यांनाही लावावी.

आणि जे तरुण या कंपन्यांत काम करतात, त्यांच्यावर मोठी जबाबदारी आहे. सत्यमची खोटी बीजके यंत्राने आपोआप केली नाहीत. कोणीतरी बसून ती नोंदवली. आज कोणती वस्तू वर दाखवायची, कोणती अट बारीक अक्षरात लपवायची, हेही कोणीतरी टेबलाशी बसून लिहीत असते. ते टेबल कदाचित मालाडमध्ये असेल आणि तेथे बसणारा याच सभागृहातील एखाद्या घरचा असेल. त्याने “हे गिऱ्हाइकाला समजेल का?” एवढे विचारले, तर वरिष्ठांना क्षणभर थांबावे लागेल. बढती काही महिने लांबेलही. घरच्या वडीलधाऱ्यांनी त्या वेळी त्याच्या पाठीशी उभे राहावे. पगाराचा आकडा विचारताना, तो पगार कोणत्या कामाचा आहे, हेही आपुलकीने विचारावे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाच्या हातून असेच निर्मळ कार्य घडत राहो, ही शुभेच्छा. अजाणता कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!