जमिनीत पुरलेला वारसा



मद्य प्यावे की नाही, हा वाद आज बाजूला ठेवू. जॉर्जियातील काखेती प्रांतात शेतकऱ्याच्या घरी मातीचे मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असतात. त्यांना ‘क्वेव्री’ म्हणतात. द्राक्षांचा रस साली-बियांसह त्यांत आंबतो. भूमीचा गारवा उष्णता आवरतो. सोव्हिएत अमलात कारखाने आले, १९८५ च्या मद्यविरोधी मोहिमेत मळे उपटले गेले, २००६ साली रशियाने आयात बंद केली. तरी घरचे रांजण भरत राहिले. २०१३ साली युनेस्कोने या विद्येचा गौरव केला. कारखाना मोडला, तर पुन्हा उभारता येईल. परंतु रांजण घासण्याची, आतून मेण चढवण्याची हातोटी एक पिढी विसरली, तर पुढच्यांनी विचारावे कोणाला?