लेखणी, संगणक आणि शेवटचा रकाना
(कोपरी येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



लेखकाने राजकारणाच्या वाटेस जाऊ नये, असे आम्हांस पुष्कळांनी बजाविले. ठाण्याच्या नगरकारभारावर वर्तमानपत्रांतून अनेक वर्षे लिहिताना मात्र एक गोष्ट ध्यानी आली. पाणी आणि गटारे यांवर कितीही लिहा, ज्यास आपण निवडून देतो त्याचीच माहिती मतदारास नसते.

ती मिळावी म्हणून १९९९ साली अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील त्रिलोचन शास्त्री, जगदीप छोकर आदी प्राध्यापकांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली व दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, उमेदवारावरील फौजदारी प्रकरणे, त्याची मालमत्ता, कर्ज व शिक्षण जाणण्याचा मतदारास अधिकार आहे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष तेव्हा एक झाले आणि कायदाच बदलण्यात आला! १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने तो बदलही रद्द केला.

शपथपत्रे आली खरी, पण ती वाचावी कोणी? पाने पुष्कळ, भाषा कचेरीची. आणि माघारीची मुदत संपल्यावर विधानसभेच्या मतदानास कायद्याने अवघ्या चौदा दिवसांची हमी. वरील संस्थेने संगणकाच्या साह्याने त्यांचे तक्ते करून 'मायनेता' या संकेतस्थळावर ठेविले. त्याच धर्तीवर एका महापालिका निवडणुकीत आम्ही चार तरुणांस हाताशी धरून आपल्या प्रभागाचा मराठी तक्ता केला. उमेदवारांत एक गृहस्थ आपल्या ज्ञातीचे होते, व त्यांच्या शपथपत्रात एका प्रलंबित खटल्याची नोंद होती. मंडळातील वडीलधारी मंडळी रात्री आमच्या घरी आली. "आपला माणूस आहे," एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तक्ता छापला तो खटल्यांचा रकाना गाळून, सर्वांचाच; खाली 'जागेअभावी' असा खुलासा. आयुष्यात एवढे चतुर वाक्य आम्ही दुसरे लिहिले नसेल.

कोपरीतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तो तक्ता हाती घेऊन विचारले, "शेवटचा रकाना कोठे गेला?" आम्हांस उत्तर सुचले नाही. ते गृहस्थ निवडून आले की पडले, हे येथे सांगत नाही. त्याने आमचा दोष उणा होत नाही.

आपले मंडळ निवडणुकीच्या आधी सभासदांस पत्र पाठविते. तो प्रघात बंद करा असे आम्ही म्हणत नाही. म्हटले तरी कोण ऐकतो! परंतु पत्रात ज्याची शिफारस असेल त्याच्या शपथपत्राची प्रत सोबत जोडावी, अशी सूचना आम्ही आजच्या सभेपुढे लेखी मांडीत आहो. आमचा तो जुना तक्ता पुन्हा छापून दाराजवळच्या मेजावर ठेविला आहे. जाताना एकेक प्रत घ्यावी. जागा पुरली आहे.