दम किती लागू द्यावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यायाम करावा की करू नये, हा वाद आपल्या मंडळात आता उरलेला नाही. कुणी पहाटे रेवदंड्याच्या रस्त्याने फिरावयास जातात, कुणी घरी सूर्यनमस्कार घालतात, आणि आपल्या मुली-सुना अलिबागच्या व्यायामशाळेत, म्हणजे त्यांच्या भाषेत जिममध्ये, जाऊ लागल्या आहेत. अडते ते निराळ्याच ठिकाणी. जोर किती लावावा? थोडा केलेला व्यायाम अंगी लागत नाही, आणि फार केलेला अंगावर येतो. या दोहोंमधली रेघ ओळखावी कशी, याबद्दल मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

मुलीच्या आग्रहावरून मीही काही महिने अशा एका व्यायामशाळेत गेले. तेथे चालण्याचा फिरता पट्टा असतो. त्याच्या दांड्याला हात लावला की नाडीचे ठोके समोर आकड्यात दिसतात. हिशेब सोपा सांगतात: 220 मधून आपले वय वजा करावे, म्हणजे हृदयाचे मिनिटाचे जास्तीत जास्त ठोके मिळतात. माझे वय 46, म्हणून 174. शिकवणाऱ्या मुलाने सांगितले की, यातले शेकडा 85, म्हणजे 148 पर्यंत आकडा गेला पाहिजे. माझा आकडा 115 च्या पुढे सरकेना, आणि इकडे माझ्या तोंडून धड एक शब्द फुटेना. तो म्हणाला, “काकू, अजून वेग वाढवा, आकडा येत नाही.” मी पट्टा बंद केला आणि खाली उतरले.

मुलगा कामसू होता, त्याला मी नावे ठेवीत नाही. पण मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे त्याने विचारले नव्हते. पुढे डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या नाडीला लगाम घालतात. गोळी घेणाऱ्या बाईने तो आकडा गाठावयाचा म्हटले तर ती नको इतकी धावेल. आणि गोळी नसली तरी 220 चा हिशेब सर्वांना सारखा लागू पडत नाही. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. तेव्हा आकडा पाहावा, पण त्याच्या आज्ञेत राहू नये.

मग आज्ञा कोणाची? बाईंनी सांगितलेली खूण इतकी साधी की मला हसू आले. चालताना गाणे म्हणता येत असेल तर श्रम हलके. बोलता येते पण गाता येत नाही, असे झाले की श्रम मध्यम, आणि आपल्यासारखीला बहुतेक दिवशी तेवढेच हवेत. दोन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागला की श्रम जोराचे. हे सवयीने आणि थोडा वेळच करावे. परदेशांतले व्यायामतज्ज्ञही हीच कसोटी वापरतात.

मला हसू आले ते यासाठी, की ही कसोटी आपल्या घरात होतीच. सासूबाईंचे जाते अजून आमच्या पडवीत आहे. जात्यावर बसलेली बाई मुकी कधी नव्हती, ती ओवी म्हणे. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आहेत. आपण ओवीत माहेर पाहिले, विठ्ठल पाहिला. पण ती दमाचे मापही होती, असे मला वाटते. तासभर दळावयाचे तर सूर तुटता उपयोगी नाही; सूर तुटू लागला की हात आपोआप मंदावत असणार, किंवा समोरची खुंटा धरीत असणार. मंगळागौरीच्या झिम्म्यातही पाहा. सुरुवातीस सगळ्याजणी गातात, मग गाणे दोघी-तिघींवर येते आणि शेवटी नुसत्या टाळ्या ऐकू येतात. तेथे आपण बसतो, पाणी पितो, पुन्हा उठतो. जिममधल्या मुली हेच घड्याळ लावून करतात.

आयुर्वेदाने तर व्यायामाची हद्द अर्ध्या शक्तीवर घातली आहे. श्वास नाकाचा तोंडावर आला, कपाळावर, नाकावर आणि काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडली, की अर्धी शक्ती खर्च झाली असे समजावे. तीही थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहून कमी, असे वाग्भटाने म्हटले आहे. यातली घामाची खूण मात्र आपल्या चौलात बेताने घ्यावी. समुद्राकाठच्या दमट हवेत वैशाखात नुसते चुलीपुढे उभे राहिले तरी घाम निथळतो, तो व्यायामाचा नव्हे. श्वासाची खूण खोटे बोलत नाही. मात्र दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही, म्हणून त्याच चालीला हृदयाला जास्त खपावे लागते. वैशाखात चाल कमी करावी, आणि तिचा कमीपणा मानू नये.

पुष्कळजणी विचारतात, घरकाम काय थोडे आहे? थोडे नाही. पण पूर्वीचे पाणी रहाटावरून आणि खांद्यावरून येई, आता नळाने येते. वाटण पाट्यावरून मिक्सरमध्ये गेले. दिवसभर उभे राहून पाय दुखतात हे खरे, पण दम लागला का, हे स्वतःस विचारावे. वाडीतल्या झावळ्या ओढताना, अंगण खराट्याने झाडताना लागत असेल तर ते काम जमेस धरावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ येईल असे काही. ती मिनिटे तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालतात.

हे बळाचे काम करताना, म्हणजे वजने उचलताना, बोलण्याची कसोटी पुरत नाही. तेथे एवढे पाहावे की शेवटची दोन-तीन वेळा जड जावीत, पण अंग वाकडे होऊ नये आणि कुंथावे लागू नये. श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब एकदम चढतो. भरलेला हंडा उचलतानाही हेच: उचलताना श्वास सोडावा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर भिऊ नये, दोन-तीन दिवसांत उतरते. गुडघ्याच्या सांध्यात कळ आली, सूज आली, तर मात्र ते काम थांबवावे.

आता ज्यासाठी मुख्यतः उभी राहिले ते सांगते. 2022 च्या दत्तजयंतीच्या यात्रेत माझ्या जाऊबाई टेकडी चढत होत्या. उपास होता, मागून गर्दी रेटीत होती. आदल्या वर्षी ज्या पायऱ्या त्या गप्पा मारीत चढल्या, त्यांवर यंदा दिगंबराचा गजरही त्यांच्याने होईना. छातीवर दडपण आले, जबडा दुखू लागला, अंगाला गार घाम सुटला. बरोबरच्या बायकांनी उपासाचे पित्त म्हणून कोकमाचे सरबत दिले. एका तरुण मुलाने हट्टाने त्यांना खाली आणले आणि 108 ला फोन केला, म्हणून त्या आज या सभेत पुढच्या रांगेत बसल्या आहेत. हृदयाची एक वाहिनी जवळजवळ बंद झाली होती.

बायकांचे दुखणे पुष्कळदा असेच येते: छातीपेक्षा पाठ, जबडा, हात दुखतो, मळमळते, उगाच थकवा येतो, आणि आपण त्याला पित्त म्हणतो. श्रमांत असे काही झाले तर “एवढा टप्पा पुरा करू” म्हणू नये. तिथेच बसावे. बसूनही दडपण राहिले तर घरी जाऊन पडू नये, 108 ला बोलवावे. आणि काहीच दुखत नसले, पण गेल्या वर्षी गप्पा मारीत होणारे काम यंदा मुकाट्याने करावे लागत असेल, तर ते वयावर ढकलू नये, डॉक्टरांस दाखवावे.

येत्या मार्गशीर्षात मंडळाने टेकडीवर जाण्याचे योजिले आहे. यात्रेच्या पाच दिवसांत पायऱ्यांवर आपली चाल आपल्या हाती राहत नाही, म्हणून माझी सूचना अशी की, आपण यात्रेच्या आधीच्या आठवड्यात सकाळी, उन्हे चढण्यापूर्वी जावे. काहीतरी खाऊन यावे, गोळ्या चुकवू नयेत. गजर सर्वांनी मिळून करावा, आणि जिचा आवाज बंद होईल तिच्यासाठी सर्वांनी थांबावे. जाऊबाई डॉक्टरांना विचारून येणार आहेत. त्या पुढे चालतील, आणि त्यांच्या पुढे कुणी जावयाचे नाही, एवढे मी त्यांच्या वतीने आत्ताच सांगून ठेवते.